मामांचा तळहात

नव्वदीच्या दशकात आमच्या दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत पाखरं राखायला ते दर हंगामात सुरगाण्याहून येत. आम्ही त्यांना नुसतं मामा म्हणायचो. गोफणीचा नेम अचूक, तरी त्यांचा दगड कायम पाखराच्या हातभर बाजूनेच जाई.

एका वर्षी मी रिट्रिव्हर जातीचं, म्हणजे शिकार तोंडात धरून आणून देणाऱ्या कुत्र्याचं पिल्लू आणलं. त्याने आल्या आल्या माझ्या चपला फाडल्या. मामांनी त्याला आधी नुसतं पीस हुंगू दिलं, मग चिंधीत गुंडाळलेला पंख. पिल्लू तो घेऊन पळालं की मी मागे धावायचो.

"मागं नाय पळायचं, भाऊ. त्याला चोरीची गोडी लागंल," असं म्हणून मामा पाठ फिरवून उकिडवे बसत आणि तळहात मागे धरत. हाक नाही, हिसकावणं नाही. जरा वेळाने पिल्लूच येऊन पंख हातावर ठेवी.

एका सकाळी बागेवरच्या जाळीत अडकलेला बुलबुल खाली पडला आणि पिल्लाने तो तोंडात धरला. मी ओरडणार, तोच मामांनी माझा दंड दाबला आणि ते पाठ फिरवून बसले. पिल्लू रमतगमत आलं. ओला, जिवंत बुलबुल त्याने मामांच्या हातावर ठेवला. मामांनी फुंकर घातली, तसा तो भुर्रकन उडाला.

मी विचारलं, "मामा, एकदाही वळून पाहिलं नाहीत?"

"पाह्यलं असतं तर माझं भ्या त्याला कळलं असतं."

 एवढं म्हणून मामांनी घामेजलेला, रिकामा तळहात धोतराला पुसला.