कीबोर्ड पोचवायला निघालो: अकोला, चिखलदरा आणि नर्सबाईंची पट्टी

फुकट दिलेला कीबोर्ड मला आठ हजार तीनशे रुपयांना पडला. नवा अडॅप्टर, स्टँड आणि कव्हर दोन हजार नऊशे, पेट्रोल बावीसशे, चिखलदऱ्यातली खोली एकोणीसशे, दोघांचं खाणंपिणं तेराशे. कीबोर्ड परतवाड्याजवळच्या एका गावात पोचवायचा होता. खोली बायकोमुळे वाढली. "परतवाड्यापर्यंत जाऊन चिखलदरा पाहाचा नाही, त मी घरीच बरी," सुनंदाने स्वच्छ सांगितलं.

आधी माझी ओळख. अकोल्यात माझं साउंड सिस्टीमचं दुकान आहे. सुरुवात केली ती लोकांच्या लग्नात बांबूवर भोंगे चढवण्यापासून. कीबोर्ड आपला आपण शिकलो, आणि गेली अठरा वर्षं आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या भक्तीचं गायन चालवतो. सांगायला हरकत नाही, मी पहिलं गीत धरलं की अख्खा हॉल शांत होतो. दीडशे माणूस, पण चूं नाही.

अशी कीर्ती पसरते. त्या गावच्या छोट्या मंडळीच्या पाळकसाहेबांचा फोन आला. "आमच्याकडे गायन एक रिटायर नर्सबाई चालवतात. वाद्य नाही. आता वय झालं, दर रविवारी पट्टी वेगळी. तुमचा जुना कीबोर्ड मिळाला तर मी वाजवीन, त्यांना आराम. पण हे मी बोललो तर वाईट दिसते. तुम्ही बाहेरचे, जाणकार. मंडळीपुढे तुम्हीच सांगा."

मी हो म्हणालो. गाणं किती उंच किंवा खाली धरायचं, ती पट्टी. एकदा ठरली की हलू नये, असं माझं ठाम मत होतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. अकोला-अमरावती रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो नसतो तर झोप लागली असती. अमरावतीत गिला वडा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडीवर आमच्या शेजारी एक गृहस्थ म्हणाले, "तर्री जरा कमी टाका." गाडीवाल्याने पळी हवेतच थांबवली. "पाव्हणे, पुण्याचे का तुमी?" गृहस्थ यवतमाळचे निघाले. मग त्यांनी इरेला पेटून दोन पळ्या जास्त घेतल्या आणि डोळ्यांतून पाणी काढत खाल्ल्या.

परतवाड्यात टाकी भरून घ्या, हवा तपासा आणि मगच घाट चढा. वळणं मोठी नाहीत, पण समोरून येणाऱ्या पर्यटकांचं लक्ष दरीकडे असतं. चारला चिखलदऱ्यात पोचलो. नोव्हेंबरची थंडी, सूर्य कलला की कानाला चावणारी. इथली कॉफी इथल्याच मातीतली. एक पाव किलो घेतली. सुनंदा पॉइंटवर तासभर न बोलता बसली. मी तिचे फोटो काढले आणि ढगांवरून मतं दिली.

रविवारी पहाटे दरीवर धुकं होतं. प्रार्थनेसाठी याहून चांगली जागा कुठली? डोळे मिटले, "हे पित्या" म्हटलं आणि आठवलं की अडॅप्टर खोलीतच प्लगला राहिलाय. माझं हे नेहमीचंच. प्रार्थनेला बसलो की वायरी आठवतात आणि वायरी जोडताना कधीकधी प्रार्थना होऊन जाते. देवाला दोन्ही ऐकू येत असावं, एवढ्यावर मी चालवून घेतो.

साडेनऊला घाट उतरून गावात पोचलो. संत्र्याच्या बागांच्या कडेला पत्र्याची एक स्वच्छ खोली, तेच त्यांचं प्रार्थनामंदिर. दारात नर्सबाई. पांढरं पातळ, वर मरून स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. येणाऱ्या प्रत्येकाला सलाम करून विचारत, "कसं काय?" आणि उत्तर पुरतं ऐकेपर्यंत हात सोडत नसत. मला म्हणाल्या, "तुमीच का मशीनवाले? या. रात्रभर थंडीत झोपले का? घसा बसला तुमचा." घसा खरंच बसला होता. मला ते सुनंदानेही सांगितलं नव्हतं.

पहिलं गीत मी घेतलं. माझी नेहमीची काळी दोन, म्हणजे उंच पट्टी, लावली. खोली शांत झाली. चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. पाळकसाहेबांनी मान डोलावली आणि ते उभे राहिले. "नर्सबाई, आता शेवटचं एक तुम्ही घ्या. मग आपले पाहुणे दोन शब्द बोलणार आहेत."

'शेवटचं' कशासाठी, ते बाईंना कळलं होतं. त्यांनी स्वेटरची बाही ओढून सरळ केली, डोळे मिटले, थोडं गुणगुणल्या, थांबल्या, आणखी खाली उतरल्या. मग धरलं. माझी बोटं कीबोर्डवर सूर शोधत राहिली. सापडला तो पांढरी एकच्या आसपास, माझ्यापेक्षा तीन पट्ट्या खाली. तोवर खोली गायला लागली होती. मान खाली घालून बसलेले म्हातारे गात होते, लेकरं मांडीवर घेतलेल्या बाया गात होत्या. मागच्या भिंतीशी शाल पांघरलेला एक माणूस ओठ हलवत होता. आणि तिसऱ्या रांगेत सुनंदा गात होती. माझी बायको गात नाही, हे मी बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय.

गीत संपलं. पाळकसाहेबांनी मला खुणावलं. मी पुढे गेलो, आणि काय बोलायचं ते पाठ असूनही विचारलं, "बाई, इतकं खाली काऊन धरलं?"

"मंग? दारात ऐकलं ना मी," त्या म्हणाल्या. "शेवंताले पडसं. तिघा जणाइले ताप येऊन गेला. अन् भाऊराव," त्यांनी शालवाल्याकडे हात केला, "बायको गेल्यापासून आज पहिल्यांदा आले. सलाम केला त आवाज पोटातून येऊन राहिला होता. त्याइले पोचलं पाहिजे का नाही? कोणाले मागं सोडून देवापाशी लवकर पोचते का माणूस?"

भाऊराव शालीत तोंड पुसत होते.

पाठ केलेले ते दोन शब्द मी सोडून दिले. मी पाळकसाहेबांना जवळ बोलावून सगळ्यांदेखत एक बटण दाखवलं. ते दाबलं की कीबोर्डची पट्टी वरखाली होते, बोटं तीच राहतात. म्हणालो, "कीबोर्ड ठेवून जातो. पण हे बटण दर रविवारी बाईंना विचारून दाबायचं. बाई दारात उभ्या नसतील त्या दिवशी कव्हर काढू नका."

पाळकसाहेब मनमोकळं हसले, कानशिलं मात्र लाल झाली होती. "म्हणजे पुढच्या रविवारीही बाईच."

"पण मले चाळीस वर्सं बटनाबिगर जमलं, तुमाले काऊन लागते?" बाईंनी विचारलं. सगळी खोली हसली. भाऊरावसुद्धा.

येताना अंजनगाव-अकोटचा रस्ता धरला. परतवाडा सोडण्याआधी रस्त्याकडेची संत्री घ्या. घासाघीस करा, पण साल सैल असलेलीच घ्या. बाईंनी आमच्या पिशवीत स्वतःहून आणखी डझनभर घातली होती. अकोटजवळ मी सुनंदाला विचारलं, "तुला गाता येतं, हे कधी बोलली नाहीस?"

"तुमी धरता तिथं नाही येत," ती संत्रं सोलत म्हणाली. "तिथं फक्त तुमालेच येते."

जाण्यासारखं आहे का? नक्की जा. घाट, कॉफी, धुकं आहेच. पण रविवारी सकाळी खाली उतरून एखाद्या लहान मंडळीत तासभर बसा. मी अठरा वर्षांत एवढं शिकलो नव्हतो.

पुढच्या रविवारी मी आमच्या दारात उभा राहिलो. अवघडलो, दोनतीन जणांना वाटलं वर्गणी मागतोय. पण प्रत्येकाचा आवाज ऐकला. मग आमच्या कीबोर्डचं बटण तीनदा खाली दाबलं आणि गीत धरलं. भक्ती संपल्यावर आमचे एक ज्येष्ठ सभासद जवळ आले. "आज मशीन बिघडली होती काय? लोकायचाच आवाज येऊन राहिला होता."

मशीन ठीक होती. आमच्या हॉलमधल्या बहुतेकांचा गळा काळी दोनला पोचत नाही.