एक जूनचे गुरुजी

"लिही," असं गुरुजी स्वतःलाच सांगायचे आणि लिहायचे, एक जून. पोराचा हात धरून आई दारात उभी असे, तिनं अजून तोंडही उघडलेलं नसे, आणि इकडे पेनाला टोपण लागलेलं! धसईजवळच्या आमच्या त्या शाळेतलं एकूण एक पोर एक जूनला जन्मलं. मीसुद्धा. सगळ्या गावाचा वाढदिवस एका दिवशी, आणि साजरा कुणाचाच नाही.

दिवस ठरलेला, साल मात्र गुरुजी पट पाहून ठरवत. पट भरला नाही तर दुसरा शिक्षक काढून नेत, आणि चार वर्ग एका माणसाला कसे पेलणार? मग साडेचार वर्षांचं पोर गुरुजींच्या पेनातून सहा वर्षांचं होऊन बाहेर पडे.

"गुरुजी, पोर लय लहान हाय वो."

"शाळेत मोठी होईल," गुरुजी म्हणायचे. विषय संपला.

अशीच मोठी केलेली एक मुलगी नव्वदच्या दशकात मुरबाडला माझ्या टपरीवर आली. कचेरीबाहेर मी टाइपरायटर घेऊन बसायचो. ती बीएस्सी झाली होती. हवाई दल मुलींनाही पायलट म्हणून घेऊ लागलं होतं, आणि हिला लढाऊ नाही तर नाही, पण विमान चालवायचंच होतं. पहाटे बांधावरून धावायची. पायांची लांबी जाहिरातीत बसते का, हे बघायला शिंप्याकडे गेली, तर तो टेप गळ्यात अडकवून विचारतो, "माप घेतो, पण कापड कुठाय?"

मुलाखतीची तयारी घ्यायला कोण? निवृत्त झालेले आमचे गुरुजी! खुर्चीत साहेब होऊन बसायचे आणि नसलेली मिशी पिळायचे.

"व्हाय यू वाँट टू फ्लाय?"

"बिकॉज आय विल डू इट वेल, सर."

"शाबास. पण सर म्हणताना मान खाली नको."

अर्ज टाइप करताना मी तिच्या दाखल्यावरची तारीख मोठ्यानं वाचली. शेजारी बसलेल्या गुरुजींनी वयाची अट पाहिली, बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. कागदावर पोरगी दोन महिने जास्त भरून बाद होत होती. खऱ्या वयानं सव्वा वर्ष हातात होतं.

"मी लिहिलंय," गुरुजी उठले. "मीच खोडतो."

आता पुढचं ऐका, आणि तुमचं डोकं तापलं नाही तर मला सांगा. जन्म घरातला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. आई म्हणायची, "इहिरीला पानी लागलं त्या साली झाली." ते कोण लिहून घेणार? म्हणून प्रतिज्ञापत्र केलं. मीच टाइप केलं. ते घेऊन आम्ही शिक्षण खात्याच्या एका साहेबांपुढं उभे राहिलो. बसा म्हणायची पद्धत तिथं नव्हती.

"नोंद तुमच्या हातची?"

"हो. आणि खोटी आहे."

"दप्तरातली नोंद खोटी नसते."

"अहो, मी केली ती!"

"गुरुजी, तुमचं वय झालं. आठवत नसेल."

म्हणजे बघा, या माणसानं लिहिलेलं खरं, आणि तो माणूस समोर उभा राहून बोलतो ते खोटं! वर साहेब म्हणाले, "दहावीनंतर तारीख बदलत नाही. आणि खोटी नोंद केली म्हणता, तर पेन्शन बंद होईल."

"करा बंद. पण आधी तारीख बदला."

साहेबांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही. त्यांनी चहा मागवला, एक कप.

तरीही प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज रजिस्टरनं पाठवला. तो माझ्या टपरीच्या पत्त्यावर परत आला. वयोमर्यादा ओलांडली आहे. एवढंच.

"मी सांगतो तिला," गुरुजी म्हणाले. मी सोबत गेलो. अंगणात तिचे धावायचे बूट धुऊन उन्हात उपडे ठेवले होते. तिनं कागद उभ्यानंच वाचला.

"गुरुजी, तुमी शाळेत घातलंत म्हनून शिकले, ते खरं हाय. पन हे मी तुमाला माफ नाय करनार."

"अगो, गुरुजींना असं बोलतात?" आई दारातून ओरडली.

"बोलू द्या तिला," गुरुजी म्हणाले. "मान खाली घातली नाही तिनं, पाहिलंत?"

धसईच्या स्टँडवर मुरबाडची एसटी आली. कंडक्टर त्यांचाच विद्यार्थी. "या गुरुजी, फुडं जागा हाय." गुरुजींनी हातानंच नको म्हटलं. दुसरी आली, तीही सोडली.

"बरोबर बोलली," ते मधेच म्हणाले. माझ्याशी नव्हे.

तिसऱ्या गाडीत मी चढलो. मागच्या काचेतून पाहिलं, तर गुरुजी तिच्या गावाकडं तोंड करून उभेच होते, हात मागं बांधून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे, कुणी आत बोलावेपर्यंत जागचं हलायचं नाही असे.