सड्यावर गोल्फ कार्ट: पेट्रोल, बॅटरी आणि वांदर

काकाचा फोन आला. "तू गोल्फ कार्ट चालवलीस ना गो? मग ये." पुण्यात एका लग्नात मी वऱ्हाडाला गेटपासून मांडवापर्यंत पोचवलं होतं, तेवढाच माझा अनुभव. आमच्या घराण्यात एवढ्यावर माणूस तज्ज्ञ ठरतो.

वेळणेश्वरला काकाची हापूसची बाग घरामागच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर आहे. कंबर गेल्यापासून त्याला ती चढण झेपत नाही. रविवारी एक व्यापारी बाग कराराने मागायला येणार होता, आणि त्याआधी काकाला वर जायला गोल्फ कार्ट चालते का ते बघायचं होतं. एकदा करार झाला की मालक नावापुरता. ती कलमं काकाने स्वतः लावलेली, त्यामुळे मी निमूट रजा टाकली.

पुण्याहून पहाटे निघा, उंब्रज-पाटण करत कुंभार्ली घाट उतरा. पाटणला मिसळ खाऊ नका. माझी चिपळूणपर्यंत भांडत होती. तिथे चहा घ्या, टाकी भरा आणि गुहागरकडे वळा. गावातल्या खानावळीत मासळीची थाळी मिळते, दर आधी विचारावा. मला काकूच्या हातचं बांगड्याचं तिखलं होतं, त्यामुळे खानावळीबद्दल निःपक्षपाती मत देता येणार नाही.

शनिवारी सकाळी चिपळूणचा विक्रेता टेम्पोतून दोन जुन्या कार्ट घेऊन आला. आधी पेट्रोलची. खोकत, धूर ओकत ती वर चढली. ताकदीला तोड नाही, आवाजालाही नाही. कलमांवर आंबे खायला जमलेले वांदर आम्ही पोचायच्या आत पसार झाले. काका खूश झाला, पण हादऱ्यांनी कंबर अशी धरली की त्याला दोघांनी धरून उतरवावं लागलं.

मग बॅटरीची. चढण तिनेही काढली, आणि काका आरामखुर्चीत बसल्यासारखा वर गेला. बॅटरीत पाणी घालत राहावं लागतं, खाऱ्या हवेत तारांची टोकं पुसावी लागतात, लाईट गेली की चार्जिंग बोंबललं. लिथियमची घेतली तर पाण्याची कटकट नाही, पण किंमत ऐकून काका आणखी वाकला. एवढं सगळं चाललं असतं. पण आवाजच नसल्याने परत आलेले वांदर जागचे हलले नाहीत. एक तर कैरी खात कार्टच्या टपावर येऊन बसला.

"चार्जिंगला टपावर सोलर लावू," विक्रेता म्हणाला.

"कलमांच्या सावलीत?" मागून चालत वर आलेल्या काकूने विचारलं.

काका म्हणाला, "कंबर वाचवली तर आंबे जातात, नि आंबे वाचवले तर कंबर. देऊन टाकतो कराराने." मला फार वाईट वाटलं.

काकू त्याच्या शेजारी कार्टमध्ये बसली आणि तिने एक आरोळी ठोकली. वांदर गेले. विक्रेताही दोन पावलं मागे सरला.

"बॅटरीची घ्या," ती म्हणाली. "आवाजाचं मी बघते."

"रोज वर येशील?"

"इतकी वर्षं घरातल्या घरात ओरडून फुकट घालवली ना."

रविवारी व्यापारी चहा पिऊन परत गेला. मीही निघाले, डिकीत कैऱ्या आणि कानात अजून दडे.

पुण्यात कोणी विचारलं, तर माझं मत तयार आहे: खडी चढण आणि धड कंबर असेल तर पेट्रोल, नाहीतर बॅटरी. सोलर विक्रेत्याच्या घरी शोभेल. परवा काकाला फोन करून विचारलं, वांदरांचं काय झालं?

"हल्ली येत नाहीत," तो म्हणाला. "तरी आम्ही दोघं रोज जातो."