घरोघरी ‘काल काय खाल्लं’ विचारणारी विमलताई

फोन रेणापूरहून आला तेव्हा मी नांदेडला गच्चीवर पापड वाळत घालत होते. “मंजूताई, आक्का गेली. सकाळी अंघोळीला पाणी काढलं अन् तिथंच बसली...” मी दोनदा विचारलं, कोण आक्का? विमलताईला घरात आक्का म्हणतात, हे नऊ वर्षं तिच्याबरोबर गावोगाव फिरूनही मला माहीत नव्हतं. बोलत होता तो तिचा धाकटा भाऊ. त्याला आता पाच आठवडे झाले.

आम्ही दोघी आहाराच्या पाहणीचं काम करायचो. लोक रोज काय खातात, किती हलतात-चालतात, हे अनेक देशांत एकाच प्रश्नावलीने विचारलं जायचं. मधुमेह, रक्तदाब कुठे आणि का वाढतोय ते कळावं म्हणून. आमच्या वाट्याला लातूर आणि नांदेडची गावं आली होती. पिशवीत मापाच्या दोन वाट्या, एक पळी आणि लहानमोठ्या भाकरींची चित्रं. ताईचं विचारणं ऐकत राहावं असं होतं. मुरुडला एका घरी सुनेला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सासूनेच दिलं, “खाती की समदं. दूध, भाजी, भाकर.” ताईने मला डोळ्याने खुणावलं. मी सासूबाईंना परसातला शेवगा दाखवा म्हणून मागे घेऊन गेले. परतले तेव्हा सून खालच्या आवाजात सांगत होती, “अर्धी भाकर... अन् ठेचा.” ताईने ते शांतपणे लिहिलं. बाहेर आल्यावर माझा जीव कळवळला, तर म्हणाली, “तिच्यापुढं चुकचुकलीस तर पुढच्या टायमाला ती खोटं सांगंल, मंजू.”

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती हदगावकडची दुपार. कापूस वेचून आलेली एक बाई ओसरीवर टेकली होती. केसांत कापसाचे धागे, बोटं बोंडांनी ओरखडलेली. मी छापील प्रश्न वाचला : ‘आपण व्यावसायिक स्वरूपाचे शारीरिक श्रम करता का?’ ती म्हणाली, “न्हाई बाई, म्या काईच करत न्हाई. घरीच असते.” मी ‘नाही’वर खूण करणार, तेवढ्यात ताईने माझा हात धरला. “थांब. हे लिहिलं तर ही बाई दिवसभर बसून असती असं होतंय.” मग तिथूनच तिने आमच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, प्रश्न सगळ्या देशांत तोच आहे, शब्द बदलता येणार नाहीत. ताई म्हणाली, “प्रश्न तोच ठेवा की साहेब. पण तो आमच्या बायांना कळंल असा तरी करा. तवर मी एक अर्ज भरणार न्हाई.”

चार दिवस काम बंद राहिलं. तिला काढून टाकणार अशी कुजबूज होती, आणि मी... मी गप्प होते. ते आजही टोचतं. पाचव्या दिवशी साहेब स्वतः आले. ताई त्यांना थेट कापसाच्या रानात घेऊन गेली. तिथे त्यांनी छापील प्रश्न वाचला. ओळीने पाच बाया वाकून वेचता वेचताच म्हणाल्या, “न्हाई, आमी काही करत न्हाई.” साहेबांनी कागद घडी करून खिशात ठेवला. वरिष्ठांशी पत्रव्यवहार झाला, आणि प्रश्न ‘उठल्यापासून काय काय काम केलं, किती वेळ’ असा साधा झाला. जुने अर्ज रद्द झाले. ती सगळी गावं आम्ही पुन्हा पायी फिरलो. पुढे तो प्रश्न आमच्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापून आला. तिचं नाव कुठेच नव्हतं. मी चिडले, तर ती हसली. “नाव कशाला? बाया आता आपलं काम मोजून सांगू राहिल्यात, लई झालं.”

शेवटच्या वर्षी ती चढावर थांबायची, इकडेतिकडे बघायची. मला वाटायचं, रान बघते आहे.

परवा कपाट आवरताना लातूरच्या प्रशिक्षणातला एक अर्ज सापडला. आमची ओळख होऊन जेमतेम एक दिवस झाला होता आणि सरावासाठी आम्हाला एकमेकींची माहिती भरायला सांगितली होती. माझ्या अक्षरात तिचा आदला आख्खा दिवस आहे. सकाळी चहा, साखर दोन चमचे. नऊला ज्वारीची भाकरी एक, पिठलं एक वाटी. बसस्टँडपर्यंत चालणे, पंचवीस मिनिटं. दुपारी काही नाही. त्या ‘काही नाही’वर मी बराच वेळ बोट ठेवून बसले. त्यानंतर नऊ वर्षांत मी तिला ‘काल काय खाल्लं’ हे पुन्हा कधी विचारलंच नाही... त्याखाली शेवटची ओळ आहे : चार वाजता पेरू, मीठ लावून, अर्धा. अर्धाच का, असं मी तेव्हा विचारलं होतं. आणि ती म्हणाली होती, “उरलेला काल तुलाच दिला की गं. लिही.”