ताईनं तपासणी करावी म्हणून

"ताई, फोन ठेवू नकोस," सांगलीतल्या दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी म्हणाले.

माझ्या स्तनाच्या कर्करोगामागचा जनुकीय दोष आईकडून आला असावा, असं समुपदेशक बाईंनी आज सांगितलं. बहिणीनंही तपासून घ्यावं. तिला मीच सांगायचं.

"उद्या पोरीला बघायला पाव्हणं येत्यात, आन् तू रक्तात खोट काढतीस व्हय?" आष्ट्याहून ताई म्हणाली.

"आई गाठीनंच गेली की गं."

"तिचं वय झालं हुतं. कुणाफुडं बोलू नगंस."

तिनं फोन ठेवला.

ती घाबरली आहे, हे कळतं. पण तिलाही गाठ आली तर? तुम्ही घरच्यांना असं कधी सांगितलंय? कसं?

दुसऱ्या दिवशी रात्री जोडते आहे: भाची पसंत पडली. घरच्या ग्रुपवर फोटो पाहून मी अभिनंदन लिहिलं, ताईला पुन्हा फोन लावला. तिनं उचलला नाही.