दोन किलोमीटरचा आयत

एदुव्हिहेस बाईंनी गावात चाळीस वर्षं गणित शिकवलं, पण मूळ संख्यांबद्दल एकाही पोराने कधी आपणहून प्रश्न विचारला नाही. निवृत्त होऊन त्यांनी कोंबड्या पाळल्या. तेवढ्यात कासियानो कुंभार वारला आणि गावाला घोर लावून गेला.

म्हाताऱ्याने जन्मभर दोन सेंटिमीटरच्या चौकोनी रंगीत फरश्या भाजल्या होत्या. मृत्युपत्रात लिहिलं होतं: 'सगळ्यांचा मिळून एक आयत करा. एकही फुटू नये, एकही उरू नये. जमलं नाही, तर फरश्या शेजारच्या तोरो व्हिएहो गावाला द्या.'

तोरो व्हिएहोला! यापेक्षा फरश्या नदीत गेलेल्या परवडल्या.

मोजल्या, एक लाख तीन भरल्या. गवंडी महिनाभर चौकात मांडत बसला. दोनशेच्या रांगा केल्या, तीन उरल्या. तीनशे तीनच्या केल्या, तेरा उरल्या. "भुताटकी आहे!" म्हणून त्याने थापी फेकली.

मग महापौर निकानोर बाईंच्या दारी आला. हा बाईंच्या हाताखाली तीनदा नापास झालेला.

बाईंनी पाच दुपारी पेन्सिल झिजवली. दोन, तीन, पाच, सात करत तीनशे तेरापर्यंतच्या पासष्टही मूळ संख्यांनी भागून पाहिलं. तीनशे सतराचा वर्ग एक लाख तीनच्या पुढे जातो, म्हणून तिथेच थांबल्या. दरवेळी काहीतरी उरलंच.

"निकानोर, हा प्रिमो आहे."

आमच्याकडे मूळ संख्या आणि चुलतभाऊ, दोघांनाही प्रिमोच म्हणतात. महापौराचा चेहरा पडला.

"हळू बोला बाई! कोणाचा? आधीच लोक म्हणतात, मी नगरपालिकेत चुलतभाऊ भरलेत."

"अरे गाढवा, एक आणि स्वतः सोडून या संख्येला कशानेच भाग जात नाही!"

"म्हणजे आयत नाही? गेल्या फरश्या तोरो व्हिएहोला?"

"आयत आहे की. एकच. रुंदीला एक फरशी, लांबीला एक लाख तीन."

निकानोरने बोटांवर हिशेब केला, चुकला, पुन्हा केला. "दोन किलोमीटर होतात, बाई!"

"आणि वर सहा सेंटिमीटर."

देवळाच्या पायरीपासून सरळ रस्त्याने ओळ निघाली. गवंडी गुडघ्यांवर रांगत होता, मागून अख्खं गाव सूचना करत होतं. रस्ता संपला तरी तीस मीटरच्या फरश्या बाकी होत्या, आणि समोर होतं बाईंचं घर. वळवली तर आयत कसला? ओळ बाईंच्या दारातून शिरली, जेवणाच्या टेबलाखालून गेली आणि परसात खुराड्याच्या आत संपली. कोंबड्यांनी दोन दिवस अंडी दिली नाहीत.

तोरो व्हिएहोचा महापौर स्वतः टेप घेऊन आला आणि मोजून, तोंड वाकडं करून गेला.

आता लोक ओळीवरून चालत थेट बाईंच्या स्वयंपाकघरात येतात. "इतकी लांब का हो?" विचारतात. बाईंचे डोळे लकाकतात. त्या खुर्ची पुढे सरकवतात, पेन्सिल हातात देतात.

"बसा. आधी सतराने भागून दाखवा, मग कॉफी."