जिन्यातली लेफ्ट-हाफ

सामना सुरू झाला की काकू जिन्यात येऊन बसायच्या. दार जरासं लोटलेलं. आत टीव्ही, टीव्हीपुढे दोघं, काका आणि काकांचे धाकटे भाऊ. बाहेर पायरीवर काकू, मांडीवर लसूण सोलायचं ताट. नव्या भाडेकरूंना वाटायचं, नवराबायकोचं बिनसलंय. तसं काही नव्हतं. काकूंनी सामना पाहिला की आपला संघ हरतो, असं त्या घरात ठरलेलं होतं.

ठरवलं दिरांनी. एकदा काकू पाण्याचे पेले घेऊन आत आल्या आणि नेमका तेव्हाच आपल्यावर गोल झाला. पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. “वहिनी, तुमचं पाणी गोलकीपरला बाधतं,” असं दीर म्हणाले आणि सगळ्यांत जास्त काकूच हसल्या. पण त्यानंतर सामना अटीतटीला आला की त्या आपणहून उठायला लागल्या. थट्टेची सवय झाली, सवयीचा नियम झाला, आणि नियम मोडायची हिंमत कुणाला होईना. काकूंनाही नाही.

गंमत अशी, की त्या घरात हॉकी आणली होती काकूंनी. कॉलेजच्या संघात त्या लेफ्ट-हाफला, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे, खेळायच्या. काकांना तेव्हा हॉकीची स्टिक कुठल्या टोकाला धरतात हेही माहीत नव्हतं. ते मैदानाच्या कुंपणाला टेकून उभे राहायचे, ते वेगळ्याच कारणासाठी. मग लग्न झालं, खेळ सुटला, काकू चष्म्याच्या दुकानात लागल्या. दिवसभर काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. काच केसभर मोठी राहिली तर तडकते, केसभर लहान झाली तर गळून पडते. हात तिकडे गुंतले, आणि हॉकीचं वेड मात्र काकांच्या अंगात शिरलं ते कायमचं. शहराच्या मुलींच्या संघाचा एकही सामना ते चुकवायचे नाहीत. सामना संपला की काकू आत येऊन, पदराला हात पुसत म्हणायच्या, “हं, सांगा आता.”

संघ तरी कसा? पहिल्या नंबरच्या संघाला चारी मुंड्या चीत करायचा आणि आठवड्याभरात तळाच्या संघापुढे माती खायचा. जीव लावावा तर घात, सोडून द्यावं तर पुढचाच सामना असा काही खेळणार की पुन्हा पाघळलो. त्या वर्षी प्लेऑफ तोंडावर आले तरी हेच चाललेलं. शेवटचा साखळी सामना जिंकला तर आत, नाहीतर घरी.

आणि त्याच वर्षी काकांचं हृदय थकलं. जिना उतरणं बंद झालं, बोलताना वाक्याच्या मधेच दम लागायला लागला. डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार आशा धरू नका. काकूंनी ते दिरांना सांगितलं, काकांना नाही. काकांनीही विचारलं नाही. पाठीशी उशा लावून बसलेले असायचे आणि काकू दुकानातून आल्या, की चपला काढायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा.

“या पोरींचं करायचं काय गं?”

काकू पलंगाच्या कडेला टेकायच्या. “पुढच्या धावतात, मागच्या उभ्या राहतात आणि मधे सगळं ओस. मधे कुणीतरी चेंडू धरून ठेवायला हवा ना. आणि तो कोच, दर सामन्याला गोलकीपर बदलतो. अशानं कुठली पोर धीरानं उभी राहील?”

“तू कधी पाहिलंस हे सगळं?”

“पाहिलं कुठे? ऐकलं. तुम्ही दोघं कधी ओरडता आणि कधी गप्प बसता, त्यावरून कळतं.”

काका हसायचे, हसताना खोकायचे. काकू पाठीवरून हात फिरवत राहायच्या. त्यांच्या बोटांना काचेची बारीक भुकटी असायची, कितीही धुतली तरी. काका म्हणायचे, खरखरीत असला तरी हाच हात बरा.

शेवटच्या साखळी सामन्याच्या दिवशी दीर वेळेआधीच आले. टीव्ही लावला. काकू लसणाचं ताट उचलून निघाल्या, तेवढ्यात काका म्हणाले, “आज तू आत बस.”

दीर चपापले. “दादा, आजच?”

“आजच.”

काकूंच्या मनात काय आलं? त्यांनी ते पुढे कितीदा तरी बोलून दाखवलं. काकांना दुसरं काही नको होतं, फक्त प्लेऑफ पाहायचे होते. आपण आत बसलो आणि संघ हरला, तर या माणसाची उरलेली एकुलती एक इच्छा आपल्या पायगुणानं गेली असं होईल. त्या म्हणाल्या, “नको. हरलो तर जन्मभर मला…” आणि थांबल्या. जन्मभर हा शब्द त्या घरात हल्ली कुणाच्या तोंडून पुरा निघत नसे.

त्या जिन्यात जाऊन बसल्या. आतून आधी शांतता, मग दिरांची आरोळी. एक गोल आपला. मध्यंतरानंतर बराच वेळ कुणी काही बोलेना, म्हणजे बरोबरी झाली असावी. काकूंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. मग अचानक काकांचा आवाज आला. त्या आवाजात जोर नव्हता, तरी घाई होती.

“अगं, ये. लवकर ये.”

काकू उठल्या. दारापर्यंत गेल्या. कडीला हात लावला. आणि तिथूनच म्हणाल्या, “जिंकू देत आधी, मग येते.”

पाठोपाठ दीर असे ओरडले, की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. संघ जिंकला होता.

काकू आत गेल्या तेव्हा काकांचा चेहरा घामानं ओला होता. दीर टाळ्या पिटत खोलीभर फिरत होते. काकूंनी नेहमीसारखं म्हटलं, “हं, सांगा आता.”

काका सांगायला लागले, पण सगळं उलटंसुलटं. आधी गोल, मग पास. “ती लेफ्ट-हाफ. नवीन पोर आहे. उलट्या स्टिकनं चेंडू काढला तिनं… मग खांदा असा पाडून आत वळली… तिघींना मागे टाकलं.” दम लागला. काकू म्हणाल्या, राहू द्या, उद्या सांगा. त्यांनी मान हलवली. “तू वळायचीस ना कुंपणापाशी, अगदी तशी वळली. म्हणून हाक मारली तुला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दवाखान्यात हलवलं. तिथून ते परत आले नाहीत.

प्लेऑफचा सामना होता त्या संध्याकाळी दीर आले. नेहमीच्या जागी बसले, टीव्ही लावला. काकू सवयीनं दाराकडे वळल्या, तर दीर म्हणाले, “वहिनी, बसा आत.”

काकू पलंगावर बसल्या. संघानं तेच केलं जे तो करायचा. सुरुवातीलाच दोन गोल खाल्ले. मधे पुन्हा सगळं ओस. त्या नव्या लेफ्ट-हाफला कोचनं बाहेर बसवलं होतं. तिसरा गोल झाला तेव्हा काकू उठायला लागल्या.

“मी जाते बाहेर.”

“बसा, वहिनी. हरू दे.” दीर त्यांच्याकडे न बघताच बोलले. मग थोड्या वेळानं खिशातून फोन काढला. “त्या दिवशीचा तो गोल यात आहे. दाखवू? नीट दिसतो, पुन्हा पुन्हा बघता येतो.”

काकूंनी फोन हातात घेतला, पण काचेवर बोट टेकवलं नाही. परत देऊन टाकला.

“गोलाचं काय, भावजी, तो कधीही बघेन. त्यात हे नाहीत.” “मला एवढंच सांगा. ती पोर वळली तेव्हा, मला हाक मारायच्या आधी, यांचा चेहरा कसा झाला होता?”

टीव्हीवर चौथा गोल झाला, लोक ओरडले. दिरांनी आवाज बंद केला.

“मी टीव्हीकडे बघत होतो, वहिनी.”

काकूंनी मान हलवली. सामना अजून बाकी होता. दोघंही शेवटपर्यंत बसून राहिले.